अर्ध्या खिडकीचं भाडं

शारजात, अल नहदाच्या दिव्याच्या खांबावर
झालरीसारखे कापलेले फोन नंबर
ऑगस्टच्या दमट हवेत मऊ पडलेत.
मी तीन फाडून पर्समध्ये टाकते.

पहिला म्हणाला, "फॅमिली ओन्ली."
म्हटलं, फॅमिली आहे की, देवरुखला.
तिघं माणसं आणि एक म्हैस.
तो हसला नाही.
"मॅडम, फॅमिली इथं पाहिजे."

दुसरा शिबू, दलाल.
त्यानं लिफ्टमध्येच हिशेब मांडला :
डिपॉझिट, कमिशन, विजेचं वेगळं, वर्षाचे चार चेक.
माझ्याकडे चेकबुक नाही, म्हटलं.
माझ्या पगाराला बँक ते देत नाही.
चौथा मजला येईपर्यंत तो गप्प राहिला, मग
डॉक्टर आजाराचं नाव सांगतो तसं म्हणाला,
"तुम्हाला फ्लॅट नकोय. बेडस्पेस पाहिजे."

मी लॅबमध्ये रक्त काढते.
रोज ऐंशी-नव्वद दंड, नवे व्हिसावाले,
बारीक, काळे, गोरे, घाबरलेले.
शीर मला बोटानंच कळते, कितीही खोल असली तरी.
खोलीचं तसं होत नाही.

घर पाहावं बांधून, म्हणतात आपल्याकडे.
इथं घर पाहावं चपला हातात घेऊन,
कारण आत कुणीतरी रात्रपाळी करून निजलेलं असतं.
एका बाल्कनीला काच लावून तिची खोली केली होती,
तिथं पोत्यासारखी ऊन्हं भरलेली.
एकीकडे वॉशिंग मशीन हेच टेबल,
आणि नियम : सुकट भाजायची नाही.
मी म्हटलं, सुकट नाही माझ्याकडे.
होती. बॅगेत, तीन पिशव्यांच्या आत.

तिसरा नंबर मेरिसेलचा. बाराव्या मजल्यावर
एका हॉलचे तिनं चार केलेत, जिप्समच्या फळ्यांनी.
माझ्या वाट्याला पलंग, एक खिळा,
आणि खिडकी.
म्हणजे अर्धी. फळी बरोबर मधोमध येऊन
काचेपासून दोन बोटांवर थांबलेली.
"सातशे. खिडकीचे पन्नास वेगळे."
अर्धी आहे, मी म्हटलं.
"म्हणून पन्नास."
आणि तपासणीवाले आले तर फळ्या काढायच्या,
पलीकडची तुझी बहीण आहे, सांगायचं.
पलीकडची तिगिस्त, गोंदारची.
आमचा रंग जुळत नाही, नाक जुळत नाही.
मेरिसेल म्हणाली, ते बघणार नाहीत, मोजतील फक्त.

रात्री आईचा फोन. पैसे, जेवण, म्हैस,
मग तिचा नेहमीचा प्रश्न : वारा येतो का गं?
खिडकी आहे, मी म्हटलं.
काय दिसतं?
रस्ता दिसतो. रस्त्यापलीकडे दुबई,
तिथं हाच पलंग दीडपट.
हे तिला सांगितलं नाही. दिवे दिसतात, म्हटलं, पुष्कळ.

खिडकी सरकती आहे. दोनच काचा.
माझी उघडायची तर ती फळीमागून तिच्याकडे जाते,
तिची उघडली की माझ्याकडे येते,
आणि माझ्यासमोर दोन काचा, वाऱ्याला दोनदा बंद.
दोघींची एकदम उघडी राहील अशी
ही खिडकी बनवलेलीच नाही.
पहिले चार दिवस आम्ही ओढाओढ केली,
न बोलता, एकमेकींना न पाहता.
पाचव्या रात्री एसी बंद पडला.
पलीकडून फळीवर दोन टकटक, थांबून एक.
काय अर्थ ते कळलं नाही.
मी माझी काच पूर्ण मिटून घेतली
आणि तिची सरकत माझ्याकडे आली,
तिच्या बोटांचे पाच ठसे घेऊन, घामाचे.
मी ते मोजले. धंद्याची सवय.
मग दोन वाजता
टकटक केली मी.